अर्ध्या मिलिमीटरची रेघ

पेन-पेन्सिली जमवणारे बहुतेक जण सुरुवातीला रंगाला आणि धातूच्या झळाळीला भुलतात. छंद मुरला की नजर आत वळते. कळ दाबल्यावर शिसं पुढे ढकलतं कोण, लिहिताना ते मागे का सरकत नाही, असे प्रश्न पडू लागतात. संग्रहाचं खरं मोल मला तिथून पुढे वाटतं. या छोट्या यंत्राचा दोनशे वर्षांचा इतिहास एकाच अडचणीवरच्या तोडग्यांचा आहे: बारीक रेघेला बारीक शिसं लागतं आणि बारीक शिसं हाताच्या जोरापुढे टिकत नाही.

लंडनमध्ये सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी १८२२ मध्ये शिसं पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं. मॉर्डनच्या चांदीच्या पेन्सिली आजही लिलावांत येतात, हॉलमार्कवरून त्यांचं साल लागतं. त्या देखण्या आहेत, पण मला त्यांतून लेखनापेक्षा सोनारकामच अधिक कळतं.

जपानमधली गोष्ट वेगळी. तोकुजी हायाकावा टोक्योत धातुकाम शिकले. पट्ट्याला भोकं न पाडता घट्ट बसणारं बकल त्यांनी १९१२ मध्ये काढलं होतं. १९१५ मध्ये त्यांनी मळसूत्री खाचेवर शिसं सरकवणारी धातूची पेन्सिल बनवली. दुकानदारांनी ती परत पाठवली. थंडीत हाताला गार लागते आणि किमोनोवर शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. योकोहामाच्या व्यापाऱ्यांकडून परदेशासाठी मागणी आली, तेव्हा देशातली दुकानंही वळली. मग १ सप्टेंबर १९२३ चा कांतोचा भूकंप झाला. कारखाना जळाला, पत्नी आणि दोन्ही मुलगे गेले. कर्जापायी पेन्सिलीचे हक्क सोडून हायाकावा ओसाकाला गेले आणि १९२५ मध्ये रेडिओ बनवू लागले. तीच आजची शार्प कंपनी. तिचं नाव त्या पेन्सिलीवरून आलं. त्या काळातली पेन्सिल कपाटात ठेवणाऱ्याने हा इतिहासही जवळ बाळगला पाहिजे.

या साऱ्या पेन्सिलींमधलं शिसं जाड होतं, कारण ते माती आणि ग्रॅफाइट भाजून केलेलं असे. तसं शिसं अर्ध्या मिलिमीटरवर आणलं तर ते बोटांतच तुटेल. १९६० मध्ये जपानच्या पेंटेलने मातीऐवजी कृत्रिम राळ वापरली. ग्रॅफाइटबरोबर भाजताना राळेचाच कार्बन होतो आणि तो कणांना धरून ठेवतो. आधी ०.९ मिलिमीटरचं शिसं आलं, पुढे ०.५ चं. माझ्या लेखी या वस्तूच्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच, आणि तो पेन्सिलीत नसून शिशात आहे. संग्राहक शिशाच्या डब्या टाकून देतात याचं मला वाईट वाटतं.

बारीक शिशावर आराखडे काढणाऱ्यांनी आपला संसार उभा केला. हॅम्बुर्गच्या रॉट्रिंगची ६०० ही पितळी, षटकोनी, पकडीला खरखरीत नक्षी असलेली पेन्सिल त्यांच्यासाठीच होती. टोकाची लांब, सरळ नळी पट्टीच्या कडेला चिकटून चालते, म्हणून रेघ हलत नाही. १९८२ मध्ये संगणकावर आराखडे काढणारं ऑटोकॅड आलं आणि हळूहळू ड्रॉइंग बोर्ड दिसेनासे झाले. पेन्सिल राहिली, तिचं काम गेलं. आज अशा पेन्सिली बहुतांशी विद्यार्थ्यांच्या आणि संग्राहकांच्या हाती आहेत. हातातून पडली की वाकते तीच नळी. बाकी सारं धडधाकट असतं, पण टोकाचा सुटा भाग मिळेनासा झाला की संपूर्ण पेन्सिल निकामी होते. उद्याच्या पेन्सिलीकडून माझी पहिली मागणी म्हणून साधी आहे: टोक सुटं विकत मिळावं आणि ते वर्षानुवर्षं मिळत राहावं. इतकं टिकणं अशक्य नाही: स्वित्झर्लंडच्या कारान दाशची फिक्सपेन्सिल १९२९ पासून चालत आली आहे.

गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत सुंदर काम मात्र शाळकरी मुलांसाठी झालं. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीची कुरू तोगा २००८ मध्ये आली. एकाच बाजूने झिजलं की शिशाचं टोक तिरपं होतं आणि रेघ जाड येते. यावर त्यांनी आत दातेरी चकत्या बसवल्या. टोक कागदावर टेकलं आणि उचललं की शिसं ९ अंश फिरतं, ४० वेळा टेकलं की एक फेरा पूर्ण. झेब्राच्या डेलगार्डने स्प्रिंगने जोर झेलला, पेंटेलच्या ओरेंझने नळी शिशासोबत मागे सरकवून ०.२ मिलिमीटरचं शिसं वापरण्याजोगं केलं. दोन्ही २०१४ मधल्या.

कुरू तोगा हातात धरताना मला लिपीचा विचार सुटत नाही. जपानीतल्या कांजी चिन्हांत दर रेघेला हात उचलावा लागतो, तेव्हा शिसं भराभर फिरतं. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत टोक क्वचितच उचललं जातं. पुढच्या एका मॉडेलमध्ये दर वेळी १८ अंश फिरण्याची सोय झाली. देवनागरीचं काय? काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, शेवटी शिरोरेघ: लहान मुलाच्या हातून एका शब्दात कितीदा तरी टोक उठतं. मोठेपणी घाईत शिरोरेघ सुटते आणि हिशेब बदलतो. मोडी तर आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढून, शक्यतो हात न उचलता लिहायची लिपी. एकाच पेन्सिलीतलं शिसं या तीन लिखाणांत तीन तऱ्हांनी झिजेल.

मुंबईत १९३१ मध्ये दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनमध्ये २०११ साली जपानच्या कोकुयोने मोठा हिस्सा घेतला. म्हणजे आपल्या शाळा आणि जपानी कारखानदारी यांच्यात वाट आधीच आहे. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कुणी चौथी-पाचवीच्या मराठी वह्या घेऊन बसावं, एका पानात टोक किती वेळा उठतं ते मोजावं आणि त्यावरून चकतीचे दाते ठरवावेत.