बक्षिसी नको, पगार हवा

पुलमन कंपनीचे शयनयान डबे म्हणजे एके काळी अमेरिकी रेल्वेप्रवासातली चैन. ती चैन ज्यांच्या कष्टांवर चालत असे, ते पोर्टर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी संपल्यावर जॉर्ज पुलमनने या कामासाठी मुद्दाम मुक्त गुलामांना घेतले आणि 1920च्या दशकापर्यंत त्याची कंपनी कृष्णवर्णीयांना नोकरी देणारी देशातली सर्वांत मोठी खासगी कंपनी झाली. रात्री बर्थ उघडून अंथरुणे घालायची, सगळे झोपले की बूट गोळा करून पॉलिश करायचे, कोणी घंटी वाजवली की उठायचे, पहाटे उतरणाऱ्याला वेळेवर जागे करायचे. महिन्याला 400 तास किंवा 11,000 मैल भरल्याशिवाय पूर्ण पगार नाही. गाडी सुटण्याआधी डबा सज्ज करण्यात गेलेला वेळ हिशेबात नाही. आणि पॉलिशचा खर्च पोर्टरच्याच खिशातून. प्रवासी त्याला सर्रास ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी रीत मालकाबरोबर रेल्वेतही आली होती.

या व्यवस्थेचे मर्म मात्र बक्षिसीत होते. 1915 मध्ये सरकारी चौकशी आयोगापुढे कंपनीच्या पगाराची चर्चा झाली, तेव्हा पोर्टरला महिन्याला 27.50 डॉलर मिळत होते आणि त्यात घर चालणार नाही हे उघड होते. उरलेली भर प्रवाशांनी घालावी, हे कंपनीने गृहीतच धरले होते. त्या वेळी कंपनीच्या वतीने साक्ष द्यायला आलेले संचालक मंडळाचे अध्यक्ष होते रॉबर्ट लिंकन, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढणाऱ्या अब्राहम लिंकनचे चिरंजीव. बक्षिसीमुळे पगाराचा बोजा मालकावरून गिऱ्हाइकावर जातो, एवढ्यावर हे थांबत नाही. पोर्टरची कमाई समोरच्याच्या मर्जीवर टांगली जाते आणि अपमान गिळून हसत राहणे हाच त्याच्या कामाचा भाग बनतो. म्हणून 25 ऑगस्ट 1925 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्थापन झालेल्या ‘ब्रदरहूड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स’ या युनियनने कामाचे तास आणि पगार यांच्याबरोबरच बक्षिसीवरचे अवलंबित्व संपवण्याचीही मागणी केली. या युनियनचे मोठेपण मला तिथेच दिसते: मेहेरबानीच्या जागी तिने करार मागितला.

यावर एक आक्षेप तेव्हाही घेतला जात होता आणि तो पोकळ नव्हता. पोर्टरची नोकरी कृष्णवर्णीय वस्तीत मानाची होती. कापसाच्या शेतापेक्षा ती कितीतरी बरी, त्यातून मुले शिकत, घरे उभी राहत. शिवाय युनियन या प्रकाराचा अनुभव कडू होता. 1894 च्या गाजलेल्या पुलमन संपाचे नेतृत्व करणाऱ्या अमेरिकन रेल्वे युनियनने कृष्णवर्णीयांना सभासदत्वच नाकारले होते. अशा लोकांनी संघटनेपेक्षा नोकरी देणाऱ्या मालकावर विश्वास ठेवला, तर दोष त्यांना देता येत नाही. ‘शिकागो डिफेंडर’सारखे वजनदार कृष्णवर्णीय वृत्तपत्रही सुरुवातीला युनियनच्या विरोधात होते. पण नोकरी चांगली होती म्हणून तिच्या अटी मालकाने एकट्याने ठरवाव्यात, असे होत नाही. उलट गमावण्यासारखे काही हाती असते, तेव्हाच लहरी मालकाची भीती जास्त वाटते. युनियनचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, संपादक होते. कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती, हेच त्यांचे बळ. सामान्य सभासदाला हे संरक्षण नव्हते. कंपनीने हेर नेमले, माणसे काढली, स्वतःची पाळीव युनियन उभी केली. 1928 मध्ये जाहीर केलेला संप ऐनवेळी मागे घ्यावा लागला आणि सभासदसंख्या हजारांवरून काही शेकड्यांवर आली.

दुसरा आक्षेप असा, की विजय युनियनचा नसून कायद्याचा. 1934 मध्ये रेल्वे कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन पोर्टर त्याच्या कक्षेत आले, हे खरे. पण कायद्याने दिला तो फक्त आपली युनियन कोणती हे मतदानाने ठरवण्याचा मार्ग. त्या मतपत्रिकेवर नाव असायला पडत्या काळात टिकून राहिलेली संघटना लागते, आणि ती मिल्टन वेब्स्टर, सी. एल. डेलम्स यांच्यासारख्यांनी शहराशहरांत जगवली होती. पोर्टरांच्या बायकांच्या शाखांनी पैसा उभा केला, गुप्तपणे निरोप पोहोचवले. त्यांचा वाटा इतिहासात नेहमीच कमी नोंदला जातो. 1935 च्या मतदानात ब्रदरहूडने कंपनीच्या युनियनला हरवले. स्थापनेला बरोबर 12 वर्षे झाली त्या दिवशी, 25 ऑगस्ट 1937 रोजी, करारावर सह्या झाल्या: महिन्याचे तास 400 वरून 240 वर आले, पगार वाढला. एका मोठ्या अमेरिकी कंपनीने कृष्णवर्णीयांच्या युनियनशी केलेला हा पहिलाच करार होता.

पुढे रेल्वेचे दिवस सरले, डबे रिकामे होत गेले आणि 1978 मध्ये ही युनियन दुसऱ्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. पण वाटाघाटी करण्याची सवय डब्यापुरती उरली नव्हती. रँडॉल्फ यांनी 1941 मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगातील वर्णभेदाला मनाई करणारा हुकूम काढावा लागला. 1955 मध्ये माँटगोमेरीतला बस-बहिष्कार संघटित करणारे ई. डी. निक्सन हेही पुलमनचे पोर्टर आणि ब्रदरहूडच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष होते. जिथे ही युनियन पोहोचली नाही, तिथे मात्र जुना हिशेब चालूच आहे. बक्षिसीवर काम करणाऱ्या अमेरिकी वेटरला मालकाने द्यायचा किमान रोख पगार संघराज्य कायद्यानुसार तासाला 2.13 डॉलर आहे. बक्षिसी कमी पडली तर सर्वसाधारण किमान वेतनापर्यंतची तूट मालकाने भरायची, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. पण ती वसूल करायला करार आणि संघटना पाठीशी लागते. हा 2.13 चा आकडा 1991 पासून बदललेला नाही.