अर्ज कचेरीत, माणसे छावणीत

चेन्नईच्या मूर मार्केट स्थानकातून उत्तरेची लोकल पकडली, की तासा-दीड तासात गुम्मिडीपूंडी येते. कारखान्यांचे गाव. त्याच गावात श्रीलंकेतून आलेल्या तामिळांची एक मोठी छावणी आहे. दुसरी छावणी शहराच्या वेशीवरच, पुळलला. ज्या पुळल तलावाचे पाणी चेन्नई पिते, त्याच्याच परिसरात. या वस्त्यांतून सकाळी पुरुष रंगकामाला बाहेर पडतात, मुले शाळेत जातात, नळावर बायकांची रांग लागते. कुठल्याही गरीब वस्तीत दिसावे तेच दृश्य. फरक आहे तो कागदोपत्री. इथली बहुतेक माणसे सरकारदरबारी परदेशी आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांचा जन्म तामिळनाडूतलाच आहे.

समजा, छावणीतल्या एका घरात दोन भावंडे आहेत. थोरली बहीण १९८६ ची, धाकटा भाऊ १९८८ चा. दोघांचे आईवडील तेच, दोघांना अंगाखांद्यावर खेळवणारी आजीही तीच. तरी ताई भारताची नागरिक आणि भाऊ परदेशी! कायदा असेच सांगतो. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेले मूल जन्मानेच भारतीय ठरते. आईवडील कुठले, हे विचारले जात नाही. १ जुलै १९८७ नंतर मात्र आईवडिलांपैकी एकजण तरी भारतीय असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून तर अट आणखी कडक झाली. दोघांपैकी एकजण बेकायदा स्थलांतरित असला, तरी मुलाचा हक्क गेला.

हा कायदा प्रत्यक्षात किती उपयोगी पडतो, ते एका स्त्रीने दाखवून दिले. ती १९८६ मध्ये रामेश्वरमजवळच्या मंडपम छावणीत जन्मली आणि पुढे तिरुचिरापल्लीच्या कोट्टपट्टू छावणीत राहिली. तिने पासपोर्टसाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. ती मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की जन्मतारीख पाहता ही भारतीयच आहे, तिला पासपोर्ट द्या. एप्रिल २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिने आयुष्यात पहिल्यांदा मत दिले, तेव्हा ती ३८ वर्षांची होती. म्हणजे नागरिक ती जन्मापासूनच होती. ते मान्य व्हायला मात्र तिची निम्मी हयात गेली.

मंडपमचे नाव आले, तर तिथे थोडे थांबायला हवे. ब्रिटिशांच्या काळात सिलोनच्या कॉफीच्या आणि पुढे चहाच्या मळ्यांवर तामिळ मजूर नेले जात. बोटीत चढवण्यापूर्वी त्यांची तपासणी होई, रोगराई नको म्हणून त्यांना काही दिवस वेगळे ठेवले जाई, ते याच मंडपमला. पुढे १९८३ च्या जुलैमध्ये श्रीलंकेत दंगली उसळल्या आणि माणसे होड्यांतून इकडे पळून येऊ लागली, तेव्हा त्यांना प्रथम उतरवून घेणारी छावणीही मंडपमचीच. आजोबा जिथून गेले, तिथेच नातू परत आला, आणि आला तो परदेशी म्हणून.

मळ्यांवरच्या या लोकांची कथा मोठी विचित्र आहे. सिलोन १९४८ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने मळेवाल्या तामिळांपैकी जवळजवळ सगळ्यांना बाहेर ठेवले. भारतानेही त्यांना सरसकट आपले म्हटले नाही. शेवटी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. सुमारे पावणेदहा लाख माणसांची वाटणी झाली. सव्वापाच लाख भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने. उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू! ते १९७४ मध्ये निम्मे-निम्मे वाटले गेले. शेतजमिनीच्या वाटण्या करतानासुद्धा माणसे याहून जास्त चर्चा करतात.

मग अर्ज सुरू झाले. भारताचे नागरिकत्व मागणारे, सिलोनचे मागणारे. काहींना भारताचे मिळाले आणि ते रीतसर बोटीने आले. काहींचे अर्ज कचेरीत पडून राहिले. १९८३ नंतर रामेश्वरमची बोट बंद पडली आणि दंगलीच्या धास्तीने निघालेल्यांकडे कागदपत्रे पाहायला वेळ नव्हता. श्रीलंकेने २००३ मध्ये कायदा करून तिथे राहिलेल्या मळेवाल्यांना नागरिकत्व दिले. पळून आलेले मात्र इथे 'बेकायदा स्थलांतरित' ठरले, कारण त्यांच्याकडे पासपोर्ट-व्हिसा नव्हता. आणि बेकायदा स्थलांतरिताला नागरिकत्वाचा अर्जच करता येत नाही. एरवी भारतात बारा वर्षे राहिलेला परकीय माणूस अर्ज करू शकतो. इथे चाळीस वर्षे राहूनही ती वर्षे हिशेबात धरली जात नाहीत.

२०१९ च्या जूनमध्ये मदुराई खंडपीठापुढे भारतीय वंशाच्या अशा ६५ जणांचे प्रकरण आले. न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी त्यांना नव्याने अर्ज करायला सांगितले आणि केंद्र सरकारने सोळा आठवड्यांत निर्णय द्यावा, असा आदेश दिला. छावण्यांत आशा पालवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. पण त्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान होते, श्रीलंका नव्हती.

आपल्या उल्हासनगरची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले. त्यांच्या नागरिकत्वाची सोय राज्यघटनेच्या सहाव्या कलमातच होती. आज 'कॅम्प नंबर चार' हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता झाला आहे. चेन्नईजवळच्या छावणीत कॅम्प या शब्दाला अजून कायद्याचा अर्थ आहे. ठरलेल्या दिवशी हजेरी असते. त्या दिवशी माणूस छावणीत हवा, नाहीतर मिळणारी मदत बंद होण्याची भीती. पोलिसांच्या 'क्यू' शाखेचे लक्ष असते. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, त्यानंतर हे लक्ष आणखी कडक झाले. शिकून पदवी घेतलेला मुलगा सरकारी नोकरीचा अर्ज भरायला बसतो आणि 'राष्ट्रीयत्व' या रकान्याशी अडतो.

तामिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तेव्हा १०८ छावण्यांत सुमारे ५८ हजार, तर छावण्यांबाहेर पोलिसांत नोंद करून सुमारे ३४ हजार माणसे राहत होती. त्याच वेळी जुन्या मोडक्या खोल्यांच्या जागी साडेसात हजारांच्या आसपास नवी घरे बांधायचे जाहीर झाले आणि कुटुंबप्रमुखाची मासिक मदत हजारावरून दीड हजार झाली. 'निर्वासित छावणी' हे नाव बदलून 'पुनर्वसन छावणी' करण्यात आले. घर आले, नाव बदलले. नागरिकत्व देणे मात्र राज्याच्या हातात नाही, ते दिल्लीकडे आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून थोडा दिलासा आला. ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयाला आलेल्या आणि नोंद असलेल्या श्रीलंकन तामिळांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या शिक्षेतून केंद्राने सूट दिली. त्यामुळे डोक्यावरची टांगती तलवार हलकी झाली, पण सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे.

मधल्या काळात जुन्या ट्रंका उघडल्या जात आहेत. कुणाला आजोबांचा मळ्यावरचा दाखला हवा असतो, कुणाला १९६४ च्या करारानंतर केलेल्या अर्जाची पोच. ज्यांचा जन्म १ जुलै १९८७ च्या आधी इथे झाला, त्यांना हवा असतो साधा जन्माचा दाखला. तो सापडला, तर ताईचे काम होईल. भावाला अजून थांबायचे आहे.