ऐंशी दिवस टाकीत!

विश्रांतवाडी चौकातून आळंदी रस्त्याला लागलात की डॉक्टरांच्या आणि लॅबच्या पाट्या दिसायला लागतात. त्यातल्या एखाद्या एक्स-रे सेंटरमध्ये कधी गेलात, तर आतल्या खोलीचं दार नीट बघा. पिवळ्या पाटीवर मधोमध एक ठिपका, त्याच्याभोवती तीन पाती आणि दाराच्या वर लाल दिवा. दिवा लागला की आत शिरायचं नाही!

मग या खोलीत किरणोत्सारी पदार्थ ठेवलेला असतो का? अजिबात नाही. एक्स-रे यंत्र विजेवर किरण तयार करतं. बटण बंद केलं की किरणही बंद. लोहगाव विमानतळावर आपण ज्यात बॅग सरकवतो ना, त्या यंत्राचंही असंच. तरीसुद्धा एक्स-रे सेंटरला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं. यंत्र चालवणाऱ्या ताईच्या किंवा दादाच्या छातीवर एक बॅज असतो. तो नावाचा नसतो बरं का! त्यांच्या अंगावर किती किरण पडले याचा हिशेब तो ठेवतो आणि तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो.

खरी पंचाईत होते ती बटण नसलेल्या पदार्थांची.

आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिला आयोडीन फार आवडतं, रक्तातून ती ते बरोबर वेचून घेते. या ग्रंथीचा कॅन्सर झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर किरणोत्सारी आयोडीन पाजतात किंवा त्याची कॅप्सूल देतात. ते आपलं आपण ग्रंथीच्या पेशींपर्यंत पोहोचतं आणि तिथल्या रोगट पेशी मारतं. उरलेलं बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून मोठा डोस दिलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. त्या खोलीतल्या संडासाचा पाइप मात्र थेट गटाराला जोडायची परवानगी नसते! तो जातो एका मोठ्या बंद टाकीत. एक टाकी भरली की दुसरी सुरू, आणि पहिली नुसती पडून राहते. तिच्यात औषध घालत नाहीत की पाणी उकळत नाहीत. उकळून उपयोगही नाही. किरण येतात अणूच्या अगदी आतल्या केंद्रकातून, आणि आपल्या चुलीची धग तिथे काहीच बदलू शकत नाही.

मग नुसतं पडून राहून काय होतं? कागद-पेन्सिल घ्या. या आयोडीनचा किरणोत्सार दर ८ दिवसांनी निम्मा होतो. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. ८ दिवसांनी अर्धा, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी एक अष्टमांश. असं दहा वेळा करत जा. ८० दिवसांनी उरतो फक्त १,०२४वा भाग! मग मोजमाप करायचं आणि ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच पाणी सोडायचं. स्कॅनसाठी वापरतात त्या टेक्निशियमचं अर्धायुष्य तर जेमतेम ६ तासांचं. त्याच्या कचऱ्याचं काम अडीच दिवसांत आटोपतं.

पण सगळेच पदार्थ असे समजूतदार नसतात. दिल्ली विद्यापीठात एक जुनं यंत्र होतं, कॅनडाहून १९६८च्या सुमारास आणलेलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. यंत्राचा वापर थांबला, वर्षं गेली, आणि २०१० साली ते चक्क भंगारात विकलं गेलं! मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. अनेक जण आजारी पडले, एका कामगाराचा जीव गेला. गणित करून बघा. चाळीस वर्षांत कोबाल्ट जवळजवळ आठ वेळा निम्मं झालं होतं, तरी उरलेलं एवढं घातक! खरं तर असा पदार्थ वापरून झाला की जिथून आला तिथे परत पाठवायचा किंवा अधिकृत ठिकाणी जमा करायचा, आणि तोवर त्याची नोंद ठेवायची असा नियम आहे. मला विचाराल तर या प्रकरणात शत्रू किरण नव्हते, विसराळूपणा होता.

आता सगळ्यात जहाल कचऱ्याकडे येऊ. आपल्याच पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून कामाचं ते काढून घेतलं की उरतो एक भयंकर किरणोत्सारी द्रव. द्रव सांडतो, झिरपतो. म्हणून त्याची चक्क काच करतात! सुमारे हजार अंश तापमानाच्या भट्टीत काचेच्या मालमसाल्यात तो मिसळतात आणि रस पोलादी डब्यांत ओततात. असा कारखाना तारापूरला १९८५ साली सुरू झाला. काचच का? आजीच्या निळ्या बांगड्या आठवा. वर्षानुवर्षं भांडी घासली तरी त्यांचा रंग जात नाही, कारण तो वरून लावलेला नसून काचेतच मुरलेला असतो. कचऱ्याचे अणूही काचेत तसेच मुरतात आणि पाण्याला सहज दाद देत नाहीत. हे डबे बराच काळ गरमच राहतात. त्यांच्याभोवतीची तापलेली हवा उंच धुराड्यातून वर जाते, खालून गार हवा आत येते. पंख्याची गरजच नाही. असं किमान तीस वर्षं थंड करायचं आणि पुढे जमिनीच्या पोटात खोल खडकात ठेवायचं, असा बेत आहे.

याच कचऱ्यात सीझियम-१३७ असतं. मुंबईत तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ ते वेगळं काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवतात. अशक्त रुग्णांना द्यायच्या रक्तावर त्यांचे किरण सोडतात, म्हणजे दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करत नाहीत. सीझियमचं अर्धायुष्य आहे ३० वर्षं. दहा वेळा निम्मं व्हायला लागतील तीनशे! शनिवारवाड्याचा पाया १७३०मध्ये घातला गेला. त्या दिवशी कुणी अशा कांडीची नोंदवही उघडली असती, तर तिची पानं अजून भरायची बाकी असती.