ब्रॅकिऑप्स : मांगलीचा लुप्त उभयचर व त्याचे शास्त्रीय वर्गीकरण

प्रस्तावना

विदर्भातील वर्धा खोऱ्यात मांगली येथे लाल वालुकाश्म व पंकाश्मांचे थर आढळतात. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या, ट्रायासिक कालखंडाच्या प्रारंभीच्या या थरांत नागपूरचे मिशनरी व भूशास्त्राभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांना एक कवटी उपलब्ध झाली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या एका कवटीवर उभयचरांचे एक संपूर्ण कुल कसे आधारलेले आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नामकरण

१८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी या कवटीचे वर्णन ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने प्रसिद्ध केले. प्रजातीच्या नावाचा अर्थ ‘आखूड चेहऱ्याचा’, तर जातीच्या नावाचा ‘रुंद डोक्याचा’ असा होतो. ओवेन यांनी त्यास लॅबिरिंथोडॉण्ट सरीसृप म्हटले. कारण त्या काळी उभयचरांचा समावेश पुष्कळदा सरीसृपांतच होत असे.

वर्गीकरणातील स्थित्यंतर

लॅबिरिंथोडॉण्ट हे नाव दातांच्या आडव्या छेदात दिसणाऱ्या चक्रव्यूहासारख्या घड्यांवरून पडले. तथापि अशा घड्या चतुष्पादांच्या मत्स्यपूर्वजांतही होत्या. वारशाने आलेले पुरातन लक्षण हे विशिष्ट गटाच्या जवळच्या नात्याचा पुरावा ठरू शकत नाही. म्हणूनच आधुनिक वर्गीकरणात हा गट नैसर्गिक मानला जात नाही. आज ब्रॅकिऑप्सचे स्थान टेम्नोस्पाँडिल गण, स्टिरिओस्पाँडिल उपगण व ब्रॅकिऑपिड कुल असे सांगितले जाते. हे कुल रिचर्ड लायडेकर यांनी १८८५ मध्ये स्थापिले. आखूड व रुंद कवटी आणि बरेच पुढे असलेले नेत्रकोटर ही त्याची ठळक लक्षणे होत. चिगुटिसॉरिड हे त्याचे निकटचे कुल असून, त्यातील प्राण्यांच्या कवटीच्या मागील कोपऱ्यांवर शिंगासारखे उंचवटे असतात. ब्रॅकिऑपिडांत ते नसतात. तेलंगणातील मालेरी थरांत सापडलेला व १९९५ मध्ये वर्णिलेला कॉम्प्सोसेरॉप्स हा चिगुटिसॉरिड कुलातील होय.

प्ररूपाचे महत्त्व

प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार कुलाचे नाव प्ररूप प्रजातीशी, प्रजातीचे प्ररूप जातीशी आणि जातीचे प्ररूप नमुन्याशी बांधलेले असते. परिणामी ऑस्ट्रेलिया, चीन वा आफ्रिकेतील कोणताही जीवाश्म ब्रॅकिऑपिड ठरविताना अखेरीस लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील मांगलीच्या कवटीकडेच वळावे लागते. नमुन्यात जी लक्षणे झाकलेली वा नष्ट झालेली असतील, तेवढ्यापुरती कुलाची सीमारेषाही संदिग्ध राहते.

समारोप

गट मोडतात, नाती नव्याने जुळविली जातात. प्ररूप नमुना मात्र बदलत नाही. विद्यार्थ्यांना वर्गीकरण ही पाठांतराची यादी न वाटता पुराव्यावर उभे असलेले व पुराव्यानेच बदलणारे अनुमान वाटावे, यासाठी ब्रॅकिऑप्ससारखे परिसरातील उदाहरण अध्यापनात विशेष उपयुक्त ठरते.