खांद्याला झेपेल तेच धनुष्य

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत पुतणी नवं धनुष्य घेऊन उभी राहिली, पण दोरी काही हनुवटीपर्यंत आली नाही. खांदा कानाशी चढला, कंबर मागे झुकली, बोटं थरथरू लागली. धनुष्य ३४ पाउंडांचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, आणि ती १३ वर्षांची. ‘वाढतं अंग आहे, होईल सवय,’ म्हणत ते मीच आणलं होतं. वाढत्या मापाचा गणवेश घेतो, तसं धनुष्य घ्यायचं नसतं. न झेपणारं वजन ओढताना शरीर चुकीची सवय लावून घेतं आणि खांदा दुखावतो.

बरं झालं, ते धनुष्य टेकडाउन होतं. त्याचे तीन भाग सुटे होतात: मधला मुठीचा रायझर आणि वर-खाली जोडलेले दोन लवचीक लिम्ब. रायझर तोच ठेवून आम्ही २० पाउंडांचे लिम्ब बसवले. मुलगी वाढेल, ताकद येईल, तसे फक्त लिम्ब बदलायचे. शिवाय सुटे भाग पाठीवरच्या पिशवीत मावतात. विरारच्या लोकलमध्ये ही सोय मोठी.

मापं घरीच घेता येतात. तिला ओटीच्या भिंतीला टेकवून हात फैलावायला सांगितलं. एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत ६१ इंच भरले. त्याला अडीचने भागलं की साधारण २४.५ इंच, ही तिची ओढ, म्हणजे दोरी ओढण्याचं अंतर. लिम्बवर छापलेलं वजन २८ इंच ओढीचं असतं. ओढ इंचाने कमी झाली की वजन सुमारे २ पाउंडांनी उतरतं. म्हणजे ३४ पाउंडांचं धनुष्य तिच्या हातात जवळपास २७ पाउंडांचं होतं आणि तेही तिला जड गेलं. नव्या लिम्बवर ती जेमतेम १३ पाउंड ओढते. धनुष्याची उंचीही ओढीप्रमाणेच ठरते: २३ इंची रायझरला आखूड लिम्ब लावले की ६४ इंच, २५ इंचीला मध्यम लावले की ६८ इंच.

मग डोळा. दोन्ही तळव्यांच्या फटीतून चर्चच्या क्रूसाकडे पाहायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याला क्रूस जागेवरच दिसतो, तो प्रबळ डोळा. तो उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात धरून दोरी उजव्याने ओढायची.

बोल्टने कसलेला लाकडी रायझर स्वस्त आणि शिकायला पुरेसा, पण त्याला बहुधा त्याच कंपनीचे लिम्ब लागतात. धातूच्या आयएलएफ (लिम्ब जोडण्याची सामाईक पद्धत) रायझरला त्या पद्धतीचे कुठल्याही कंपनीचे लिम्ब बसतात. खेळ पुढे न्यायचा असेल तर तोच घ्यावा. बाण मात्र ओढ आणि वजन ठरल्यावरच घ्यावेत, कारण बाणाचा ताठपणा दोन्हींशी जुळावा लागतो.

आपल्याकडे अर्नाळ्याचा खारा वारा. बोल्ट पुसून तेलाचा हात फिरवावा, सराव संपला की स्ट्रिंगरने (धनुष्य वाकवायच्या दोराने) दोरी उतरवावी, उन्हातल्या गाडीत धनुष्य ठेवू नये. बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी कधीही सोडू नये. सगळा जोर लिम्बवर येऊन ते तडकू शकतात. आणि बाण वाडीत सोडायचा नाही, मागे भक्कम आडोसा असलेल्या मैदानावरच सोडायचा.

फलटणजवळच्या सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव शेतमजुराच्या घरातले. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्यांना खेळाची वाट दाखवली. २०१९च्या जागतिक स्पर्धेत ते रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय रिकर्व्ह संघात होते. पुढे टोकियो ऑलिंपिकही खेळले. तिथे ७० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम १२.२ सेंटिमीटरचं. तिथवरची वाट हलक्या धनुष्यापासूनच सुरू होते.

आता पुतणीची दोरी हनुवटीला टेकते आणि तिथे क्षणभर स्थिर राहते. त्या स्थिर क्षणासाठीच धनुष्य निवडायचं.