मंद जाळ्याची चिकित्सा

असा एक प्रसंग डोळ्यांपुढें आणा. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. शाळेच्या कचेरींत आठ-दहा पालक रांगेनें उभे आहेत, आणि त्यांत विड्या वळणारी एक माता आहे. आपल्या सोलापुरांत अशा हजारों माता आहेत. त्यांच्या मुलांकरितां केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाची जी शिष्यवृत्ति आहे, तिचा अर्ज इंटरनेटवरून भरावा लागतो. विडीची मजुरी हजारावर मिळते. म्हणजे हात थांबला कीं मिळकत थांबली. कारकून संगणकापुढें बसला आहे, पण पडद्यावर एक लहानसें चक्र फिरत आहे आणि पृष्ठ कांहीं केल्या उघडत नाहीं. कारकून म्हणतो, "सरकारचा सर्व्हर बंद आहे." पालक म्हणतात, "कारकून चालढकल करितो." मुख्याध्यापक म्हणतात, "आतां मोठी लाइन घेतलीच पाहिजे." तिघेही घाईनें बोलले, तपास कोणींच केला नाहीं. तो तपास कसा करावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम पृष्ठाचा प्रवास समजून घेऊं. कचेरींतील प्रत्येक संगणक तारेनें किंवा वाय-फायच्या लहरींनीं स्विच नांवाच्या पेटीशीं जोडलेला असतो. स्विचपुढें राउटर असतो. तो वेशीवरील नाकेदाराप्रमाणें आंतला माल बाहेर व बाहेरचा माल आंत सोडतो. राउटरपासून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची लाइन, तेथून पुढें दूरचीं केंद्रें, आणि शेवटीं ज्या सर्व्हरवर तें पृष्ठ ठेविलें आहे तो सर्व्हर. शिवाय आपण अक्षरांत लिहिलेला पत्ता संगणकास अंकांत बदलून घ्यावा लागतो. त्याकरितां तो आधीं एका नामावलीस विचारतो. ही डी. एन. एस. नांवाची योजना पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं मांडली.

सोलापूरकरांस हें कळण्यास अवघड जाऊं नये. उजनीचें पाणी सुमारें शंभर किलोमीटर नळांतून आपल्या शहरास येतें. घरची तोटी ठिबकूं लागली, तर दोष धरणांत असेल, वाटेवरील नळांत असेल, टांकींत असेल, अथवा तोटींतील चामड्याच्या चकतींतही असेल. चकती झिजली असतां धरणाची उंची वाढवून काय उपयोग ?

येथें रुंदी व विलंब या दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. लाइन किती मेगाबिटांची, ही तिची रुंदी. एका प्रश्नाचें उत्तर परत येण्यास लागणारा वेळ, हा विलंब. कांचेच्या तंतूंतून प्रकाश एका सेकंदांत सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हर येथून सुमारें १३,००० किलोमीटर दूर धरला, तर जाऊन येण्यास निदान ०.१३ सेकंद लागणारच. एका पृष्ठाकरितां असे दहा फेरे एकामागून एक पडले, तर सव्वा सेकंदाहून अधिक काळ केवळ प्रवासांत जातो. लाइन दुप्पट रुंद केली तरी हा काळ घटत नाहीं.

आतां तपासाकडे वळूं. वैद्य जसा औषधापूर्वीं प्रश्न विचारतो, तसे येथेंही तीन प्रश्न विचारावे. एकच पृष्ठ मंद आहे कीं सर्व ? एकच संगणक मंद आहे कीं सर्व ? नेहमींच मंद आहे कीं ठराविक वेळीं ?

एकच पृष्ठ मंद असून बाकीचीं चटकन उघडत असतील, तर दोष बहुधा पलीकडे आहे. १६ जुलै २०२१ रोजीं महाराष्ट्रांतील दहावीचा निकाल दुपारीं एक वाजतां लागला. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा तो निकाल पाहण्यास सर्वांनीं एकदमच धांव घेतली, आणि निकालाचीं संकेतस्थळें कित्येक तास उघडेनात. त्या दिवशीं कोणी आपल्या घरची तार बदलली असती, तरी तिळमात्र फरक पडला नसता. अशा वेळीं धीर धरणें हेंच औषध होय. वारंवार तीच कळ दाबल्यानें गर्दींत भरच पडते.

एकच संगणक मंद असेल, तर दोष त्या संगणकांत किंवा त्याच्या तारेंत शोधावा. तारेंत आठ तंतूंच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटांचें काम दोन जोड्यांवर भागतें, परंतु १००० मेगाबिटांस चारही जोड्या लागतात. खुर्चीच्या पायाखालीं चेंगरून एक तंतू तुटला, तर संगणक बंद पडत नाहीं. तो मुकाट्यानें दहापट मंद होऊं शकतो. म्हणून शेजारच्या चांगल्या संगणकाची तार त्यास लावून पाहावी. दोष तारेबरोबर गेला तर तार वाईट. संगणकापाशींच राहिला तर संगणक पाहावा.

पृष्ठ सुरू होण्यासच वेळ लागतो, आणि एकदां सुरू झालें कीं झरझर येतें, असें दिसल्यास नामावलीचा संशय घ्यावा. राउटरमध्यें दुसऱ्या नामावलीचा पत्ता घालून पाहतां येतो.

सर्वच संगणक ठराविक वेळीं मंद होत असतील, तर लाइनीची वांटणी पाहावी. या प्रकारांतील एक जुनी हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामधील जाळें अकस्मात् मंदावलें. अंतर अवघें ४०० यार्डांचें. परंतु सेकंदास ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनीं कारण शोधिलें. वाट तुंबली कीं प्रत्येक संगणक तोच माल पुन्हां पुन्हां पाठवी, व त्यामुळें वाट अधिकच तुंबे. त्यांनीं सुचविलेला उपाय जाड तारेचा नव्हता. तो संयमाचा होता. प्रारंभ सावकाश करावा, वाट तुंबलेली दिसतांच आपला ओघ आंवरावा, आणि मोकळी होईल तसा हळूहळू वाढवावा. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या विचारावर जगांतील इंटरनेट उभें राहिलें आहे.

आतां अंदाजाऐवजीं मोजमाप. माइक म्यूस यांनीं १९८३ च्या डिसेंबरांत पिंग नांवाचें एक लहानसें साधन लिहिलें. संगणकानें "आहेस काय ?" असें विचारावें, समोरच्यानें "आहें" म्हणावें, आणि मधला वेळ पडद्यावर उमटावा, एवढेंच त्याचें काम. प्रथम आपल्याच राउटरला विचारावें. तारेवरून हें उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास यावें. तें चांगलें असेल तर बाहेरच्या एखाद्या पत्त्यास विचारावें. पहिलेंच उत्तर रेंगाळलें तर दोष घरांत. पहिलें चांगलें व दुसरें वाईट असेल तर लाइनींत किंवा तिच्या पलीकडे. कांहीं यंत्रें अशा प्रश्नास मुद्दामच उत्तर देत नाहींत; त्यांच्या मौनास दोष समजूं नये.

एक नियम मात्र कधीं मोडूं नये : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, व ती वेळेसह वहींत टिपून ठेवावी. तार, राउटर व नामावली हीं तिन्हीं एकदम बदललीं आणि जाळें सुधारलें, तर कशानें सुधारलें हें कधींच कळणार नाहीं. कंपनीकडे तक्रार करावयाची झाली, तरी "फार मंद आहे" या वाक्यापेक्षां दहा ओळींच्या नोंदीस अधिक वजन असतें. मुलांनीं हा प्रयोग घरीं अवश्य करावा. मात्र कचेरींतील तारांना परवानगीवांचून हात लावूं नये.

आतां त्या रांगेकडे परत जाऊं. समजा, कारकुनानें वरील प्रश्न विचारले. सर्वच पृष्ठें मंद, सर्वच संगणक मंद, पण सकाळीं दहापर्यंत सारें ठीक होतें. राउटर वेळेवर उत्तर देतो, बाहेरचें उत्तर मात्र दहापट उशिरा येतें. शोध करितां आढळलें कीं, दहा वाजल्यापासून शेजारच्या खोलींत स्नेहसंमेलनाचीं शेंकडों छायाचित्रें इंटरनेटवर चढविलीं जात आहेत. बाहेर जाणारी वाट त्यांनींच भरून गेली, आणि अर्जाचे चिमुकले प्रश्न त्यांच्यामागें खोळंबले. तें काम सायंकाळवर टाकलें, आणि दोन मिनिटांत पृष्ठ उघडलें. सरकारचा दोष नव्हता, कारकुनाचा नव्हता, लाइनही अपुरी नव्हती.

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण यंत्रांच्या जगांतही खोटी ठरत नाहीं. म्हणून दोष देण्यापूर्वीं तो कोठें आहे हें शोधावें, आणि शोधास आपल्या घरापासून प्रारंभ करावा. यांत खर्च कांहींच नाहीं. थोडी शांति व एक वही एवढें पुरतें. परंतु त्यामुळें एका मातेची अर्ध्या दिवसाची मजुरी वांचते, आणि एका निरपराध माणसास बोल लागत नाहीं. हा लाभ लहान नव्हे.