विश्वामित्रीचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, कारेलीबागेत राहणाऱ्या आम्हां लोकांना विश्वामित्री नदी ही शेजारीणच आहे. तिच्या काठावर ऊन खात पडलेली मगर पाहून येथील जुना रहिवासी सहसा थबकत नाही. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये नदीला मोठा पूर आला, पाणी वडोदऱ्याच्या वस्त्यांत शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही रस्त्यांवर व अंगणांत आल्या. पूर ओसरून शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गातील एका मुलाने मला विचारले, "सर, मगरी अशाच वाढत गेल्या तर शेवटी नदीत पाण्याला तरी जागा राहील का?" मुले हसली. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये नदीच्या शहरातील पात्रात मगरींची गणती झाली. ती ४४२ भरली. २०२० च्या गणतीत हाच आकडा २७५ होता. मी दोन्ही आकडे फळ्यावर मांडले. ही वाढ वर्षाला सुमारे दहा टक्के पडते. चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलांनी पुढचे गणित लगेच केले : दर सात वर्षांनी जवळजवळ दुप्पट, पस्तीस वर्षांत बारा हजारांवर! गणितात चूक नव्हती. तरीही असे कधी घडावयाचे नाही. का घडावयाचे नाही, तेच आज सांगावयाचे आहे.

मगरीची मादी काठावरील मातीत खड्डा करून एका वेळी वीस-पंचवीस, कधी त्याहूनही अधिक अंडी घालते. वीस वर्षे तिने वर्षाला पंचवीस अंडी घातली असे धरले, तर ती पाचशे होतात. आता नदीतील मगरींची संख्या जितकी आहे तितकीच राहावयाची असेल, तर या पाचशेंपैकी किती जीव मोठे व्हावयास हवेत? अवघे दोन : एक आईच्या जागी, एक बापाच्या. उरलेल्या चारशे अठ्ठ्याण्णवांचे काय होते? काही अंडी घोरपड, मुंगूस, कोल्हे आणि रानडुकरे उकरून खातात. पाऊस लवकर आला तर काही घरटी बुडतात. वीतभर लांबीची पिल्ले बगळ्यांच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडी पडतात. आणि जी वाचतात त्यांतील पुष्कळ मोठ्या मगरीच गिळून टाकतात.

वनस्पतींचीही हीच कथा आहे. कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, पावसात तेथे शेकडो रोपे उगवतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक नाहीशी होतात. वांग्याची रोपे दाट झाली की शेतकरी विरळणी करतो; निसर्ग तेच काम ऊन, पाणी आणि जागा यांच्या टंचाईने करून घेतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पूर, अवर्षण, कडक उन्हाळा यांना समोरचे जीव थोडे आहेत की फार, याच्याशी कर्तव्य नसते. भूक, रोगराई आणि जागेसाठीची भांडणे यांचे तसे नाही. संख्या दाटली की त्यांचा जोर वाढतो आणि ती विरळ झाली की ओसरतो. संख्येला खरा लगाम घालतात ती ही दुसरी कारणे. बेल्जियन गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये हे सूत्रात मांडले : वाढ आरंभी मंद, मग वेगवान, आणि भूमीच्या धारणक्षमतेजवळ पोहोचताच पुन्हा मंद होते. सौराष्ट्रातील गीरचे सिंह पाहा. १९६८ मध्ये ते १७७ होते. संरक्षण मिळाल्यावर २०२५ मध्ये ८९१ झाले. अरण्य अपुरे पडू लागले तसे ते बाहेर पसरले. आणि २०१८ मध्ये साथीच्या रोगाने काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले.

मग विश्वामित्रीतील मगरी वाढल्या कशा? १९७२ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले, हे एक कारण. दुसरे कारण आपण स्वतः आहोत. शहराच्या सांडपाण्यामुळे उन्हाळ्यातही पात्रात पाणी राहते. आपण नदीत मेलेली जनावरे आणि उरलेसुरले अन्न टाकतो. त्या घाणीवर कुत्री आणि डुकरे येतात आणि त्यांच्यावर मगरी पोसतात. नदीची धारणक्षमता आपणच वाढवून ठेवली आहे.

मगरींच्या हल्ल्यांत नदीकाठची माणसे दगावली आहेत. ज्यांच्या घरावर तो प्रसंग आला त्यांचे दुःख आकड्यांनी हलके होत नाही. म्हणून मोठ्या मगरी पकडून दूर न्याव्यात, ही मागणी समजण्यासारखी आहे. माणसांत शिरलेली मगर हलवावीच लागते. परंतु तेवढ्याने संख्या आटोक्यात येईल असे मानणे हा फसवा हिशेब होय. मोठी मगर गेली की तिची जागा आणि तिचे खाद्य मोकळे होते आणि तिच्या धाकाने मरणारी पिल्ले जगतात. काही वर्षांत ती जागा पुन्हा भरते. उलटपक्षी, सगळा काठ दगडा-सिमेंटने बांधून काढला तर मगरीला अंडी घालावयास माती उरणार नाही. परंतु त्याच मातीवर जगणारी कासवे, पक्षी आणि झाडेही तिच्याबरोबर जातील.

त्या मुलाला मी शेवटी एवढेच सांगितले : "बाळ, नदी मगरींनी भरून जाणार नाही. नदीत किती मगरी मावतील हे त्यांच्या अंड्यांवर ठरत नाही. पात्रात अन्न आणि जागा किती आहे, यावर ठरते." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे सर, कचरा टाकणे बंद केले तर?"

उत्तर त्याचे त्यालाच सापडले होते. आता ते आपणां मोठ्यांच्या ध्यानी यावयाचे आहे.